कोणालाही न द्यायचं नाव

४ मार्च

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण ज्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे ती तूच तीस वर्षं बसून खिळखिळी केलेली आहे आणि तिच्यातून उठणं हा एक वेगळाच कार्यक्रम असतो. तेव्हा नमस्कार बसूनच. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाची मुख्य म्हणून नाव कमावलेली बाई ई-मेल उघडत नाही, फोनवर दोन मिनिटांत कंटाळते आणि भाचीकडे कागदी पत्रं मागते, हे मी इथे कोणाला सांगितलं तर हसतात.

तर मुद्द्याचं. आमच्याकडे नवी सिस्टीम येते आहे आणि जुन्यातलं सगळं नव्यात उचलून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तुमच्या जुन्या पद्धतीत माणूस म्हणजे त्याचं लॉगिनचं नाव. आडनावाची चार अक्षरं, नावाचं एक, झाला माणूस तयार. रिपोर्टवर सही म्हणूनही तीच पाच अक्षरं छापायची. लग्न झालं, काडीमोड झाला, कोणी आईचं आडनाव लावायला लागलं, की अर्ज यायचा आणि तुम्ही लॉगिन बदलायचात. नव्या पद्धतीत प्रत्येकाला एक नंबर, तो कधीच बदलायचा नाही. नावं मग हवी तेवढी बदला. एका बाईंचं नाव आपल्याकडे चार वेळा बदललंय, तीनदा लग्नामुळे आणि एकदा टायपिस्टमुळे.

एका नावापाशी मात्र माझं घोडं अडलंय. अकराशे नावांच्या यादीत ते एकच कुलूपबंद आहे. शेजारी शेरा आहे, "हे नाव कोणालाही देऊ नये," आणि खाली तुझी आखूड सही. नेमकी एक नवी नर्स आली आहे जिची अक्षरं जुळवली की तेच नाव होतं, आणि तिला ते हवंय. दुसरी अडचण मोठी. बावीस वर्षांपूर्वी लॅबमधल्या दोन बाया त्या एकाच नावावर बसलेल्या दिसतात, आधी एक, मग दुसरी. पहिलीचं कधी संपलं आणि दुसरीचं कधी सुरू झालं, ती तारीख सापडत नाही. तेवढी सांग म्हणजे मी सुटले.

तुझी,
ठकू


११ मार्च

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. खुर्ची मी खिळखिळी केलेली नाही, ती मला तशीच मिळाली होती.

त्या नर्सला नावाच्या शेवटी एखादा आकडा जोडून दे. सगळीकडे देतात, कोणाचं काही बिघडत नाही. त्या कुलपाला हात लावू नकोस. तारीख मला आठवत नाही. बावीस वर्षांपूर्वी कोणत्या दिवशी कोणाचं लॉगिन बदललं हे लक्षात ठेवत बसले असते तर मी केव्हाच वेडी झाले असते. त्या नावावरचे जुने रिपोर्ट असतील ते "अज्ञात" म्हणून एक नंबर काढून त्याखाली ढकल. आम्हीही अडलं की तसंच करायचो आणि जगबुडी आली नाही.

बाकी मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते-उतरते. घराखालच्या कागद-पेनांच्या दुकानातल्या माझ्या मैत्रिणीबद्दल तुला सांगितलंच आहे. संध्याकाळी तिच्याकडे स्टुलावर बसून असते. ती गिऱ्हाइकं बघते आणि मी तिला सल्ले देते, जे ती ऐकत नाही. हा कागदही तिच्याच दुकानातला. दिवस असे मजेत चाललेत. तू कामात फार जीव काढू नकोस आणि जुन्या फायली उकरत बसू नकोस. धुळीने तुला सर्दी होते.

तुझी मावशी


१९ मार्च

ती. मावशी,

तू लपवायला गेलीस आणि मला कळलंच. रेकॉर्डरूममधले फाइलवाले काका अजून आहेत. त्यांना ती पाच अक्षरं दाखवल्याबरोबर म्हणाले, "अरे, ही तर भिंगवाली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लॅबमधली सगळ्यात पक्की नजर तिची. गळ्यात दोरीला छोटं भिंग अडकवलेलं असायचं म्हणून ते नाव. नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि माहेरचं आडनाव परत लावलं होतं. त्याच सुमाराला तिच्या हातून एक रिपोर्ट चुकला. तापाच्या एका रोग्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर जंतू असताना "जंतू नाहीत" असं लिहिलं गेलं. तो बिचारा सात आठवडे अंथरुणाला खिळला, मरता मरता वाचला. चौकशी झाली. घरच्या कटकटीत बाईचं लक्ष नसणार, असं सगळे म्हणाले. तिने राजीनामा दिला. "डोळ्यांत पाणी नव्हतं पोरीच्या, पण भिंग टेबलावर ठेवून गेली," असं काका म्हणाले.

आता कळलं कुलूप का लावलंस. त्या नावाला लागलेला डाग नव्या येणाऱ्या पोरीला चिकटू नये म्हणून. मावशी, तुझं मन मोठं आहे आणि ते कोणाला दिसलं की तुला लाज वाटते. मला मात्र तुझा अभिमान वाटला, हे तोंडावर सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

पण "अज्ञात" मी करणार नाही. नऊ हजारांवर रिपोर्ट आहेत तिचे. एका चुकीपायी बाकी सगळे बेवारस करायचे, हे मला पटत नाही. तारीख नावबदलाच्या अर्जावर असणारच. तळघरात तुझ्या फायली अजून वर्षवार लावलेल्या आहेत. सोमवारी उतरते. सर्दीचं औषध घेऊन ठेवलंय.

ठकू


५ एप्रिल

ती. मावशी,

सतरा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. आई म्हणते, तू तिच्याकडेही फिरकली नाहीस आणि फोन केला तर "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस.

त्या वर्षीची नावबदलाची फाइल सापडली. अर्ज क्रमांक एकसष्ट आहे. त्रेसष्ट आहे. बासष्ट नाही. जिथे तो होता तिथे टाचणीची दोन भोकं आहेत, म्हणजे कोणीतरी नीट, सावकाश काढून घेतलाय. तू कागद हरवणाऱ्यांतली नाहीस. तुझ्याकडून एक बिल हरवलं तर आईला आठवडाभर ऐकायला लागतं.

अर्ज मिळाला नाही म्हणून मी दुसऱ्या बाजूने गेले. दुसरी बाई, म्हणजे भिंगवालीनंतर ज्या मुलीला ते नाव मिळालं ती, कधी रुजू झाली ते हजेरीपटात बघितलं. सोमवार, बारा तारीख. चुकलेल्या रिपोर्टवर तारीख आहे शुक्रवार, सोळा.

आणि रुजू झालेल्या पहिल्याच दिवशी त्या मुलीला लॉगिन दिल्याची नोंद आहे. म्हणजे सोळा तारखेला ती पाच अक्षरं भिंगवालीची नव्हतीच.

मावशी, मी काही चुकत असेन तर सांग. मला चुकायचंच आहे.

ठकू


९ एप्रिल

चि. ठकू,

तू चुकलेली नाहीस. बासष्ट नंबरचा अर्ज सोबत जोडला आहे. बावीस वर्षं तो माझ्या कपाटात कपड्यांच्या तळाशी होता. माझं मन मोठं आहे असं तू लिहिलंस, ते वाचलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काय झालं ते सरळ लिहिते. शनिवारी, दहा तारखेला, मी तिचं लॉगिन बदलून नव्या आडनावाचं केलं. जुनं नाव सुटलं की आपोआप मोकळ्या नावांत जायचं. तो प्रोग्राम मीच लिहिला होता आणि मला त्याचं कौतुक होतं. सोमवारी नवी मुलगी रुजू झाली. तिच्या नावाची अक्षरं तीच जुळली आणि मशीनने तिला ते नाव देऊन टाकलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. शुक्रवारचा तो रिपोर्ट त्या मुलीचा. नोकरीचा पाचवा दिवस.

महिन्याभरात ती मुलगी नोकरी सोडून गेली आणि ते नाव पुन्हा मोकळं पडलं. दोन महिन्यांनी चौकशी समितीकडून चिठ्ठी आली की हे लॉगिन कोणाचं आहे ते लेखी कळवा. रजिस्टर शेजारच्या खोलीत कपाटात होतं. ठकू, मी उठले नाही. मला ती बाई माहीत होती, तिचं लॉगिन मला पाठ होतं, बघायचं काय त्यात? बसल्या जागी तिचं नाव लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः माझ्याकडे आली. म्हणाली, "तोपर्यंत माझं लॉगिन बदललं नव्हतं का? मला वाटतं बदललं होतं." मी मान वर न करता सांगितलं, "नाही गं, त्याच्या पुढच्या आठवड्यात बदललं." ती म्हणाली, "असेल. बोटांना जुनंच वळण होतं, जुनंच टाइप होत असेल." आणि गेली. नक्की कोणत्या दिवसापासून नवं नाव टाइप करायला लागलो हे दोन महिन्यांनी कोणाला आठवतं? त्या शुक्रवारचे तिचे स्वतःचे रिपोर्ट नव्या नावाने मशीनमध्ये पडलेले होते. कोणीही दोन मिनिटांत बघितलं असतं, सगळ्यात आधी मी. तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मशीनवर विश्वास ठेवला, आणि माझ्यावर.

तिने राजीनामा दिल्यावर महिन्याभराने वर्षअखेरीची फाइल लावताना हा अर्ज हातात आला. तारीख बघितली, मग उठून रजिस्टरही बघितलं. त्याच क्षणी वर जाऊन सांगायला हवं होतं. पण त्याच महिन्यात मला विभागाची मुख्य केलं होतं. आज नको, उद्या सांगू म्हटलं. उद्या आणखी अवघड झालं. मग ते नाव कुलूपबंद केलं. त्याने काही भरून निघणार नव्हतं, पण काहीतरी केल्यासारखं वाटलं.

आता सगळ्यात वाईट. भिंगवाली म्हणजेच माझी दुकानवाली. राजीनाम्यानंतर तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला नाही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं, तिने नाही म्हटलं. आपली नजर गेली, पुन्हा कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही, असं तिने मनाशी धरलं. आमच्या इमारतीखालचा गाळा मीच तिला शोधून दिला. तिला माझ्याइतकं जवळचं कोणी नाही आणि मला तिच्याइतकं कोणी नाही. ती तुटली तर माझ्या संध्याकाळी संपल्या. एवढ्यासाठी गप्प राहिले.

नोंदी तू दुरुस्त कर. ते काम तुझं आहे, मी आड येत नाही. फक्त तिला कळवू नकोस. आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आहोत. राहिलेली वर्षं तशीच जाऊ देत, एवढंच मागते.

मावशी


१६ एप्रिल

मावशी,

दोनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. दोन्हींत मी तुला नको ते बोलले होते.

मी रागावले आहे. शाळेत असताना मी तुझ्या विभागात येऊन बसायचे, तेव्हा तू मला सांगायचीस की पाठ असलं तरी रजिस्टर उघडायचं. ते तू या सगळ्यानंतर शिकलीस आणि मला शिकवलंस, हे आज कळलं. मी आजवर एकही नोंद न बघता दिलेली नाही, ती तुझ्यामुळे. त्यामुळे राग धरायला जावं तर तोही नीट धरता येत नाही.

पण तू मागतेस ते मी देणार नाही. एखादं माणूस बावीस वर्षं असं समजून जगतंय की आपल्या नजरेने एकाला मरणाच्या दारात नेलं. तू तिच्या शेजारी स्टुलावर बसतेस आणि तुला माहीत आहे की ते खरं नाही. ती म्हातारी झाली म्हणून हे तसंच ठेवायचं, हे तुझं म्हणणं मी कितीदा वाचलं, तरी मला पटत नाही.

मी अर्जाची प्रत आणि हजेरीपट वर देऊन आले. नवी सिस्टीम एक मेला सुरू होते. तिच्या सगळ्या नोंदी तिच्या नंबराखाली येतील, तो शुक्रवारचा रिपोर्ट सोडून. चौकशीचा शेरा रद्द झाल्याचं हॉस्पिटलचं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात निघेल. ते टपालाने तुझ्या घराखालच्या दुकानात जाईल.

पोस्टमन तुझ्या आधी पोचू नये, एवढं बघ. तुझ्या हातात दोन आठवडे आहेत आणि मधे फक्त एक जिना आहे.

ठकू


२८ एप्रिल

चि. ठकू,

काल सांगितलं. सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, गर्दी नसताना. उभ्यानेच सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही.

ती ऐकत राहिली. सगळं संपल्यावर तिने विचारलं, "तुला कधी कळलं?" मी महिना सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे हा गाळा शोधून दिलास त्याच्या आधी." मी हो म्हटलं. मग एक गिऱ्हाईक आलं. तिने त्याला दोन वह्या दिल्या, सुटे पैसे मोजून दिले, तो गेल्यावर मला म्हणाली, "तू आता वर जा." आणि शटर ओढलं. ते अर्ध्यावर अडकतं, तिने दोनदा झटका दिला. मी बाहेर उभी होते, मदत करायला पुढे झाले नाही.

आज दुकान उघडलं आहे. मी खिडकीतून बघितलं. स्टूल आत घेतलेलं दिसलं.

तू बरोबर होतीस. मला त्याने बरं वाटत नाही, पण तू बरोबर होतीस हे लिहायला हवं.

मावशी


२० मे

ठकू,

मी तुझ्या मावशीच्या घराखालची दुकानवाली. आपण भेटलेलो नाही, पण तुझं नाव मी रोज ऐकत आले, म्हणून "अगं-तुगं" करते.

हॉस्पिटलचं पत्र मिळालं. चार ओळी आणि एक शिक्का. त्यात दिलगिरी शब्द आहे, तो वाचून मला काहीच झालं नाही. त्याच्याबरोबर तू आपणहून त्या शुक्रवारची यादी पाठवलीस, ती मात्र मी चार वेळा वाचली. एकेचाळीस काचपट्ट्या बघितल्या होत्या मी त्या दिवशी. पहिली आठ वाजून बारा मिनिटांनी. तेविसाव्या ओळीतल्या बाईचा रिपोर्ट मी दोनदा तपासल्याचं दिसतं, कारण मला शंका होती. शंका आली की पुन्हा बघायची माझी सवय होती, ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. एकेचाळिसातला एकही चुकलेला नाही. तू तिरक्या अक्षरात शेवटी लिहिलंस, "सगळे बरोबर." ते वाचलं आणि दुकानात बसून रडले. एक मुलगा खोडरबर घ्यायला आला होता, तो तसाच परत गेला.

तू लिहितेस की माझे जुने नऊ हजार रिपोर्टसुद्धा आता माझ्या आजच्या नावाने दिसतात. नवऱ्याचं आडनाव टाकलं तेव्हा मला एवढंच हवं होतं, की नाव जावं आणि काम राहावं. तेव्हा कोणाला जमलं नाही.

एक दुरुस्ती मात्र कर. तो चुकलेला रिपोर्ट आता त्या दुसऱ्या मुलीच्या नंबराखाली गेला असणार. जायलाच हवा. पण तिथे हेही लिही की तो तिचा पाचवा दिवस होता. नव्या मुलीची प्रत्येक काचपट्टी पहिला महिना जुनीने पुन्हा बघायची, असा आमच्या लॅबचा रिवाज होता. त्या आठवड्यात तो कोणी पाळला नाही. मी तिच्यापासून दोन टेबलं पलीकडे बसले होते आणि माझ्या दुःखात मला मान वर करायचं भान नव्हतं. वाचणाऱ्याला हे कळलं पाहिजे. एका बाईच्या जागी नुसती दुसरी बाई ठेवून हिशेब मिटत नाही.

दुकानात मुलांसाठी खेळण्यातले मायक्रोस्कोप असतात. आजवर कोणी दाखवा म्हटलं तर मी खोकं पुढे करायचे आणि तुम्हीच उघडून बघा म्हणायचे. परवा मीच एक उघडला. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि डोळा लावला. आधी नुसतं धूसर होतं, मग बटण फिरवता फिरवता घर न् घर वेगळं दिसायला लागलं. बराच वेळ उठले नाही.

मावशीबद्दल तू एका शब्दाने विचारलं नाहीस. बरं केलंस, पण मीच लिहिते. बावीस वर्षांत ती माझ्याकडे कधी मोकळ्या हाताने आली नाही. ताप आला तर डबा, पाऊस असला तर छत्री, माझा चष्मा मोडला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून हजर. मी म्हणायचे, माझं नशीब थोर. आता रोज त्यातलं एकेक आठवते आणि मला कळत नाही, हे माझ्यासाठी होतं की त्या कपाटातल्या अर्जासाठी. हे तिच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि रागवायचंय, ते तर अजून सगळंच राहिलंय. समोर माणूस नसलं तर रागवणार कोणावर?

संध्याकाळी ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरते, थांबते आणि परत वर जाते. मला आत पावलं ऐकू येतात. तिला तू कळव, माझ्याच्याने हाक मारवत नाही. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा ये म्हणावं. काही आणायचं नाही. रिकाम्या हाताने यायचं.